पहिले तीन दिवस भाला हातात नाही

गेल्या जानेवारीत कचेरीतून पाच दिवसांची रजा काढून भाच्याबरोबर मालवणला गेलो. रेल्वेने कुडाळ आणि पुढे एस.टी. भाच्याला पाण्याखाली दम धरून भाल्याने मासे मारायला शिकायचे होते. माझ्या बहिणीने मला सोबत धाडले ते एवढ्यासाठी, की पोराने वेडेपणा करू नये. गंमत अशी की मला स्वतःला पोहता येत नाही. ज्या विहिरीची पायरी चढायला आमच्या आजोबांना मज्जाव होता, तिच्यात उडी मारायला आम्हाला कोण शिकवणार? आणि पुढे चाळीत तर एक नळ चाळीस बिऱ्हाडांना.

आम्हाला एक म्हातारे तांडेल भेटले. त्यांनी पहिल्याच दिवशी भाला काढून घेतला आणि घराच्या आढ्याला खोचून ठेवला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे नुसते पाहायचे, मारायचे नाही, असे त्यांनी बजावले. कुठे चालते, कुठे नाही, हे मत्स्यखात्याच्या कचेरीत विचारूनच उतरावे. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. पाणी गढूळ असते आणि दर्याही खवळलेला.

चिवल्याच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात मीही काचेचा मुखवटा चढवला. त्यात नाक झाकलेलेच हवे. पोहण्याचा साधा चष्मा खोल पाण्यात चालत नाही, कारण दाब वाढला की तो डोळ्यांना ओढतो आणि त्यात नाकाने हवा सोडता येत नाही. वाकून तळाशी पाहिले तर वाळूवर उन्हाची जाळी हलत होती आणि बोटाएवढे मासे माझ्या पायांभोवती फिरत होते. चाळीस वर्षांत असे काही पाहिले नव्हते!

भाचा खोल पाण्यात गेला. कान दुखायच्या आधीच नाक चिमटून हळू हवा ढकलायची, आणि दुखलेच तर जोर न करता वर यायचे, हे त्याला लगेच जमले. पण बुडी मारण्याआधी तो भराभर वीस-पंचवीस श्वास घेऊ लागला. सिनेमात पाहिले असेल. तांडेलांनी त्याचा दंडच धरला. म्हणाले, "झिला, असो मरशीत!"

याचे कारण वाचकांनी, विशेषतः ज्यांची पोरे तलावात दम धरण्याच्या पैजा लावतात त्यांनी, नीट समजून घ्यावे. भराभर श्वास घेतल्याने रक्तात प्राणवायू फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि श्वास घेण्याची ओढ लागते ती मुख्यतः त्याच्यामुळे. म्हणजे धोक्याची घंटा वाजतच नाही. दहा मीटर खाली एकूण दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो, तिथे माणसाला बरे वाटते. वर येताना दाब उतरतो, त्याबरोबर उरलासुरला प्राणवायूही अपुरा पडतो, आणि किनारा दिसत असताना शुद्ध जाते. पट्टीचे पोहणारेही असेच गेले आहेत.

म्हणून एक जण खाली, तर दुसरा वर त्याच्यावर नजर ठेवून. तो वर आला तरी अर्धा मिनिट नजर काढायची नाही. जितका वेळ बुडी, त्याच्या दुप्पट तरी विसावा. कमरेचे वजन एका हाताने झटक्यात सुटले पाहिजे. रबराचा भाला पाण्याबाहेर कधी ताणायचा नाही, आणि ओळखता न येणाऱ्या माशावर मारायचा नाही.

चौथ्या दिवशी निवतीच्या खडकांपाशी भाला आढ्यावरून उतरला. जोडीला तांडेलांचा मुलगा होता. माझा उपयोग नव्हताच, मी होडीत बसून आकडे मोजत होतो. भाचा खाली गेला. वीस, तीस, पस्तीस... छत्तीसला माझे हातपाय गार पडले. एकोणचाळीसला डोके वर आले. भाला रिकामा.

"गोबरा होता मामा, पण लहान होता. सोडला."

तांडेल काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त त्याला पाणी प्यायला दिले. रात्री आम्ही बाजारातून विकत आणलेले बांगडे खाल्ले.

परतीच्या गाडीत भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या वेळी तुम्ही पाण्यात हवेत, होडीत नाही." नगरपालिकेच्या तलावावर पहाटे सहाची तुकडी असते. मी अर्ज भरला आहे. माझ्या तुकडीत बाकी सगळी दहा-बारा वर्षांची पोरे आहेत.