कौंडिण्य पंगतीला बसला का?



अनेकार्थता म्हटले की तुम्हांला बहुधा श्लेष आठवतो. एका शब्दातून दोन अर्थ निघाले की आपण कवीला दाद देतो. आज मात्र मी तुम्हांला अशा ठिकाणी नेणार आहे, जिथे दुसरा अर्थ निघाला की माणसे एकमेकांना लबाड म्हणू लागतात. ते ठिकाण म्हणजे एक मोठे टेबल. त्यावर बोटाच्या दोन पेरांएवढे, हाताने रंगवलेले सैनिक मांडलेले असतात आणि दोन खेळाडू इंचपट्टीने अंतर मोजत, फासे टाकत लढाई खेळत असतात.

या खेळाचे मूळ प्रशियाच्या सैन्यात आहे. रायस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा दोन्ही पक्षांखेरीज एक पंच असे. पुढे नियमांचे जंजाळ वाढले आणि १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने, नियम बाजूला ठेवून निर्णय अनुभवी पंचावरच सोपवावा, असे सुचवले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहून हा खेळ घरात आणला. त्यात खेळण्यातल्या तोफेने खरोखरच सैनिक पाडायचे असत. आजचा सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘गेम्स वर्कशॉप’ या इंग्रज कंपनीचा, १९८७ मध्ये आलेला ‘वॉरहॅमर ४०,०००’. घरी खेळताना तिथे पंच नसतो. असते ते फक्त नियमपुस्तक.

माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो आणि हा खेळ खेळतो. २०१७ मध्ये खेळाची आठवी आवृत्ती निघाली. त्यानंतर तो पुण्याला आला तो एक भांडण घेऊनच. “मावशी, तू भाषाविज्ञानवाली ना? मग तूच सांग,” म्हणून त्याने पुस्तक माझ्यापुढे ठेवले.

नियम असे होते. तुकडीला फासा टाकून नेहमीपेक्षा जास्त अंतर धावता येते. पण अशी धावलेली तुकडी त्या फेरीत गोळीबारासाठी निवडता येत नाही. दुसरीकडे, ‘असॉल्ट’ प्रकारच्या शस्त्राबद्दल लिहिले होते की, ते बाळगणारा सैनिक धावला असला तरी ते शस्त्र चालवू शकतो; फक्त त्याचा नेम थोडा कमी लागतो. भाच्याची सगळी व्यूहरचना या सवलतीवर उभी होती. समोरच्या मित्राने मधेच हरकत घेतली: सवलत सैनिकाला आहे, मनाई तुकडी निवडण्याला आहे. तुकडी निवडलीच नाही, तर सैनिकाची पाळी येणार कशी? डाव तिथेच मोडला आणि काही आठवडे दोघांचे बोलणेही थांबले.

तुम्ही व्याकरण शिकताना उत्सर्ग आणि अपवाद या संज्ञा ऐकल्या असतील. त्यांसाठी पतंजलीच्या महाभाष्यापासून चालत आलेला एक सुंदर दृष्टान्त आहे, तक्रकौंडिण्यन्याय. सर्व ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक वाढा, असे कोणी सांगितले, तर कौंडिण्यही ब्राह्मणच आहे म्हणून आपण त्याला दही वाढत नाही. विशेष नियम सामान्य नियमाला बाजूला सारतो. भाच्याचे म्हणणे नेमके हेच होते. मित्राचे म्हणणे मात्र अधिक बारीक होते. कौंडिण्याला ताक द्यायचे हे त्याला मान्यच होते; पण पंगतीत बसलेल्यांनाच वाढायचे आहे आणि कौंडिण्याला तर दारातच अडवले आहे, असे तो म्हणत होता.

हा युक्तिवाद मला फार आवडला, हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो नाराज झाला. “तुझा मित्र उत्तम वाचतो,” मी म्हणाले, “फक्त एक वाक्य आधी थांबतो.” मीमांसकांची एक कसोटी आहे: एखाद्या वाक्याचा असा अर्थ घेऊ नये, की ज्यामुळे दुसरे वाक्य निरर्थक ठरेल. दारात अडवलेल्या माणसासाठी कोणी ताक घुसळत नाही. मित्राचा अर्थ स्वीकारला, तर शस्त्राचा तो नियम कधीच लागू होणार नाही. २०२० च्या नवव्या आवृत्तीत शब्दच बदलले. असॉल्ट शस्त्रे असलेली तुकडी धावली असली तरी गोळीबारासाठी निवडता येते, असे तिथे स्पष्ट लिहिले गेले. तोवर पुस्तकाचा सल्ला एवढाच होता की, आपसांत बोला आणि जमलेच नाही तर फासे टाका. वाक्यार्थाचा निर्णय फाशांवर!

अक्षराला धरून बसणाऱ्या खेळाडूला या मंडळींत ‘रूल्स लॉयर’ म्हणतात आणि हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. मला ते पटत नाही. “अर्थ सगळ्यांना ठाऊकच आहे” हे वाक्य जुन्या खेळाडूच्या सोयीचे असते. काल आलेल्या माणसाला तो ‘सगळ्यांत’ धरलेला नसतो. त्याच्या हातात छापील शब्दांखेरीज काही नसते. नोकरी आणि संसार सांभाळून उशिरा शिक्षणाकडे वळलेल्या तुम्हांपैकी अनेकांनी हे कार्यालयाच्या खिडकीसमोर अनुभवले असेल. ‘दहा तारखेपर्यंत अर्ज स्वीकारले जातील’ या वाक्यात दहा तारीख आहे की नाही, हे खिडकीच्या आतल्या माणसाला ठाऊक असते. वॉरहॅमरचे नियम इथे अधिक सावध आहेत. सहा इंचांच्या आत म्हणजे बरोबर सहा इंचही आत, हे ते सांगतात आणि सैनिकाच्या बैठकीचा थोडा भाग आत असणे व ती संपूर्ण आत असणे यांसाठी वेगळे शब्द वापरतात.

भाच्याला नियम मराठीत समजावून सांगताना मात्र आमच्यापुढे नवाच घोळ उभा राहिला. ‘या तुकडीतले सगळे सैनिक गोळीबार करू शकत नाहीत’ असे तो म्हणाला. म्हणजे एकही सैनिक करू शकत नाही, की काहीच करू शकतात? ‘शकत नाहीत’ म्हणजे परवानगी नाही, की क्षमता नाही? बोलताना आपण हे आवाजाच्या चढउताराने सांगतो. कागदावर आवाज नसतो.

आता वही घ्या आणि लगोरीचे नियम लिहा, लगोरी कधीच न पाहिलेल्या माणसासाठी. खेळाडूला चेंडू लागला की तो बाद, हे वाक्य तुम्ही लिहालच. टप्पा पडून लागला तर? नुसता सदऱ्याला चाटून गेला तर? शेवटची चकती ठेवत असतानाच लागला तर? लिहून झाले की ती वही घरातल्या सर्वांत भांडखोर मुलाच्या हाती द्या आणि त्याच्या हरकती पुढच्या पानावर उतरवून घ्या.