तपकिरी ठिपके

माणसाचा जीव केवढ्याशा ठिपक्यांवर टांगलेला असतो!

वहिनींच्या स्तनातल्या गाठीचा अहवाल आला : इस्ट्रोजेन-ग्राही प्रथिन नाही. पेशीकेंद्रात राहून जनुके जागी करणारे हे प्रथिनच नसेल, तर टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या व्यर्थ! घर गप्प झाले.

दुसऱ्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून काच पाहिली नि म्हणाले, "अहो, शेजारच्या निरोगी नलिकाही कोऱ्याच! तिथे काही केंद्रे तरी रंगायलाच हवीत. तपासणीच फसली आहे."

पुन्हा प्रतिपिंडे लावली. ती त्या प्रथिनाला चिकटली नि गाठीतली केंद्रे तपकिरी झाली.

पाच वर्षे गोळ्या घेतलेल्या वहिनी यंदाही करंज्या तळताहेत. आणि मी? कुणी माणूस कोरडा वाटला, की हल्ली आधी माझीच तपासणी तपासून पाहतो.