इतवारीच्या ओळी

नागपूरच्या इतवारीत गल्लीला ओळ म्हणतात. किराणा ओळ, सराफा ओळ, लोहा ओळ. इतवारचा बाजार, म्हणून इतवारी. दुकाने आता रोज उघडी असतात. नावातला वार कोणी मोजत नाही.

टांगा स्टॅण्ड चौकात टांगे नाहीत. ऑटो आहेत, ई-रिक्षा आहेत.

धान्याचे मोठे सौदे कळमन्याच्या यार्डात गेले. धान्याच्या बंड्या इतवारीत येत नाहीत. बैलांपुढे टाकलेले कुटार दिसत नाही.

पायली गेली, कुडव गेला. लाकडी पायलीच्या तोंडाला लोखंडी कडे असे. हात लागून लागून ते चकचकीत होई. माप शिगोशीग भरायचे. शीग कोसळू लागली की मापारी तळहाताने सावरी. पहिल्या मापाला तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन. वजनमापांचा कायदा 1956चा. त्यानंतरही कितीतरी वर्षे पायली ओट्यावर होती. ती शीग गिऱ्हाइकाचा मान होती. आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे. तो शून्यापासून सुरू होतो. चार दाणे जास्त पडले तर परत काढले जातात.

इतवारीहून नागभीडला छोटी लाइन जात असे. दोन रुळांत अंतर अडीच फूट. ही लाइन 1908 सालची. कुही, उमरेड, भिवापूर, मग नागभीड. डब्याच्या दाराशी टोपल्या, गाठोडी. बायका टोपल्यांना टेकून बसत. नोव्हेंबर 2019 मध्ये ही गाडी बंद झाली.

छिंदवाड्याची छोटी लाइन त्याआधी, 2015च्या अखेरीस बंद पडली. सावनेर, सौंसर, रामाकोना ही तिची गावे. त्या मार्गावर आता मोठी गाडी धावते. इतवारी स्टेशनला नेताजी सुभाषचंद्र बोसांचे नाव दिले आहे. बोलताना लोक इतवारीच म्हणतात.

मोतीबागेत छोट्या लाइनचे संग्रहालय आहे. ते 2002 साली उघडले. तेव्हा दोन्ही गाड्या चालू होत्या.

भिवापूरची मिरची बुटकी, गडद लाल. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, बायका रांगेने बसून मुके तोडत. मुका म्हणजे देठ. संध्याकाळपर्यंत बोटे भाजत. संकरित वाण आले तसा गावरान मिरचीचा पेरा घटला. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

बांबूच्या टोपलीत तणस अंथरून संत्री भरत. वरूनही तणस. संत्र्याच्या वासात धानाचा वास मिसळे. आता प्लास्टिकचे क्रेट असतात. रेल्वे स्टेशनजवळच्या बाजाराला अजून संत्रा मार्केटच म्हणतात. संत्र्यांचे मोठे लिलाव कळमन्याला होतात.

एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली, 2002 साली बंद झाली. तिच्या भोंग्यावर आसपासच्या वस्त्यांची घड्याळे चालत. पगाराच्या दिवशी किराणा ओळीत रात्रीपर्यंत गर्दी असे. मिलच्या जागी मॉल आहे.

रानातून बाजारात येतात टेंभरे, येरोण्या, मोहफुले. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. तरोट्याचा पाला. ही नावे तरण्या गिऱ्हाइकांना सांगावी लागतात. सांगणाऱ्या बायका म्हाताऱ्या आहेत.

पावसाळ्यात एखादी बाई सात्या घेऊन बसलेली दिसते. जंगलात उगवणाऱ्या या अळंब्या. पळसाच्या पानांवर पाच-सहा वाटे. ती तोलून देत नाही, वाटा उचलून देते. आधी ती छोट्या गाडीने येई, आता एसटीने येते. मोठी टोपली एसटीत नीट मावत नाही, म्हणून पिशवी. दुपारच्या गाडीआधी तिला उठावे लागते. उरलेले दोन वाटे ती पानासकट पिशवीत ठेवते.