दोन्ही हात गुंतलेले

लढाईच्या हिशेबाने वाचली तर बायबलमधली गिदोनाची गोष्ट अगदी उलटी आहे. समोर टोळधाडीसारखे पसरलेले मिद्यानी, आणि हरोद झऱ्यापाशी गिदोनाजवळ ३२,००० माणसं. इतकी नकोत, असं देव सांगतो. भ्यालेल्यांनी घरी जावं म्हटल्यावर २२,००० निघून जातात. उरलेल्या १०,००० जणांना पाण्यावर नेतात आणि हाताने पाणी तोंडाशी नेऊन पिणारे ३०० तेवढे ठेवून घेतात. कारण शास्ते या पुस्तकातच दिलं आहे: मोठ्या फौजेने जिंकले असते, तर हा आपल्याच मनगटाचा पराक्रम असं लोक म्हणाले असते. मग मध्यरात्री मडकी फुटतात, आत झाकलेल्या मशाली उजळतात. प्रत्येकाच्या डाव्या हातात मशाल, उजव्या हातात रणशिंग. तलवार उपसायला हात मोकळाच नाही. या तपशिलापाशी वाचणाऱ्याने जरा थांबावं. विश्वास म्हणजे मनाची निश्चिंती अशी आपली समजूत असते, पण गिदोन निश्चिंत कधीच नव्हता. तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा शत्रूच्या भयाने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत असतो. पुढे लोकरीवरच्या दंवाची खूण तो एकदा सोडून दोनदा मागतो. ही धाकधूक घेऊनच त्याने सांगितलेलं केलं, आणि माझ्या मते त्याचा विश्वास त्या करण्यातच होता.

यावर कुणी म्हणेल की ‘देवाने सांगितलं’ म्हणून माणूस काहीही करील. शंका रास्त आहे. धर्माच्या नावाने सांडलेलं रक्त डोळ्यांआड करता येत नाही. पण गिदोनाला आधी मिळालेली आज्ञा पाहा. मिद्यान्यांवर जाण्यापूर्वी त्याला स्वतःच्या बापाची बआल या दैवताची वेदी पाडायची होती. घरच्यांच्या आणि गावाच्या धाकाने त्याने ती रात्री पाडली, पण पाडली. जी आज्ञा आधी आपल्याच उंबऱ्यावर येते आणि आपलं बळ वाढवण्याऐवजी काढून घेते, ती आपल्या अहंकाराने रचलेली असण्याचा संभव फार थोडा. उलट याजक एलीच्या काळचे इस्राएली पाहा. एक लढाई हरल्यावर ते शिलोहून कराराचा कोश, देवाच्या सान्निध्याची खूण, रणात आणतात. छावणीत अशी आरोळी उठते की जमीन दणाणते. त्या दिवशी ३०,००० माणसं पडतात आणि कोशही पलिष्टी घेऊन जातात. पुढे काय करावं हे कुणी देवाला विचारल्याचा उल्लेख त्या अध्यायात नाही. त्याला सोबत न्यायचं तेवढं सुचलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री, कोर्टाच्या तारखेला आपणही पुष्कळदा कोशच उचलतो.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे: सगळं ऐकूनही पदरी दुःखच आलं तर? पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाने नेली होती. १८९६-९७च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी आसरा दिला. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. आणि १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. या दुःखाचा हिशेब लागत नाही. तो लावून दाखवणारा उपदेशक मला निष्ठुर वाटतो. आज्ञा पाळली की मरण चुकेल, असा करार देवाने कुणाशी केलेला नाही. हाती घेतलेलं भाषांतर मात्र रमाबाईंनी सोडलं नाही. १९२२ साली त्याही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवले होते मुक्तीतल्या बायकांनी, ज्यांच्यातल्या कित्येकींची अक्षरओळखच तिथे झाली होती.