घराची मुदत आणि आपली



लंडनच्या आसपास फ्लॅट घेतलेल्या आपल्या बऱ्याच जणी आहेत, म्हणून आजचा विषय थोडा कोरडा वाटला तरी शेवटपर्यंत वाचा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट घेतला म्हणजे तो बहुतेक वेळा कायमचा आपला होत नाही. आपण घेतो ती लीज, ठरावीक वर्षांची. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची. दरवर्षी एकेक वर्ष कमी होतं आणि मुदत संपली की घर मालकाकडे परत. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, “म्हणजे खंडानं घेतलेलं रान म्हण की!” सांगलीकडच्या बाईला यापेक्षा जास्त समजवावं लागत नाही.

आमची लीज डिसेंबर 2006 पासून 99 वर्षांची. आम्ही फ्लॅट घेतला 2024 च्या वसंतात, तेव्हा 81 वर्षं आणि काही महिने उरले होते. “एवढं कोण जगतंय?” असं सासूबाईंनी विचारलंच. पण इथे 80 हा आकडा महत्त्वाचा आहे. मुदत 80 वर्षांच्या खाली गेली की वाढवून घेताना ‘मॅरेज व्हॅल्यू’ नावाची रक्कम जोडली जाते. मुदत वाढल्यामुळे घराची जी किंमत वाढते, तिचा निम्मा वाटा मालकाला. आमच्या सर्व्हेयरने हिशोब दिला: 80 च्या वर असताना साधारण साडेदहा हजार पौंड, खाली गेलं की आणखी सहा-सात हजार.

पूर्वी फ्लॅट घेऊन 2 वर्षं झाल्याशिवाय हा हक्क मिळत नसे. म्हणजे आमची पाळी येईपर्यंत 80 ची रेषा ओलांडली गेली असती. ती अट 31 जानेवारी 2025 ला उठली. 2024 च्या नव्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू काढण्याची आणि 990 वर्षांची मुदत देण्याचीही तरतूद आहे, पण मी हे लिहिते आहे तोवर ती लागू झालेली नाही. ह्यांचं म्हणणं, थांबू या. शिवाय ते पैसे गावच्या घराच्या छपरासाठी बाजूला ठेवलेले. पावसाळ्यात सासूबाईंच्या स्वयंपाकघरात दोन ठिकाणी पातेली ठेवावी लागतात. ती पातेली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

त्यातच मनात दुसरा प्रश्न. 80 वर्षं पुरत नाहीत म्हणून आणखी 90 विकत घ्यायची, हा लोभ नाही का? आयुकर्माची मुदत एक क्षणही वाढवून मिळत नाही आणि आपण भिंतींची वाढवतोय. दोन दिवस सामायिकात हेच येत राहिलं. मग वाटलं, आपण श्रावक आहोत, मुनी नव्हे. आपल्याला सांगितलंय ते परिग्रहाचं परिमाण. डोक्यावर एक छप्पर हवं, ते नीट राखावं, मूर्च्छा नको. आम्ही दोघांनी त्याच आठवड्यात नियम घेतला: हे एकच घर, भाड्याने द्यायला दुसरं घ्यायचं नाही. तेव्हा कुठे मन शांत झालं.

छपराचं सासूबाईंनीच मिटवलं. “मालकाच्या हातात दोरी ठेवू नका. छपरावर यंदा ताडपत्री घालू.”

एप्रिलमध्ये सॉलिसिटरकडून 1993 च्या कायद्याखाली नोटीस दिली. नोटिशीच्या तारखेलाच किंमत धरली जाते, त्यामुळे पुढे कितीही महिने लागले तरी 80 ची भीती उरत नाही. मालकाला उत्तराला किमान 2 महिने द्यावे लागतात. त्याच्या वकिलाचा आणि सर्व्हेयरचा वाजवी खर्चही आपल्यालाच भरावा लागतो, तो आधीच धरून ठेवा. आमची लीज आता डिसेंबर 2195 पर्यंत आहे आणि ग्राउंड रेंट ‘पेपरकॉर्न’, म्हणजे मिरीचा एक दाणा, म्हणजे शून्य.

नोटीस देण्याआधी मी इमारतीतल्या आठही घरांची दारं वाजवली, कारण सगळ्यांच्या लीज एकाच तारखेच्या. तळमजल्यावरच्या गुजराती काकी एकट्या राहतात. त्यांच्याकडे मालकाचं पत्र आलेलं: रक्कम थोडी कमी, पण मुदत फक्त 99 वर्षांपर्यंत, आणि जुनी मुदत संपेपर्यंत ग्राउंड रेंट चालूच. सही करायला पेन शोधत होत्या. मी पत्र बाजूला ठेवायला लावलं आणि त्यांना सॉलिसिटरकडे घेऊन गेले. त्यांचंही काम कायद्याच्या मार्गाने झालं.

मैत्रिणींनो, एवढंच करा. लीजची प्रत काढा, सुरुवातीची तारीख आणि वर्षं बघा, वजाबाकी करा. प्रत सापडत नसेल तर लँड रजिस्ट्रीकडून मागवता येते. उत्तर 85 च्या आत आलं तर लीजहोल्ड अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिसकडे विचारा, सल्ला मोफत मिळतो. आणि शेजारच्या काकींनाही सांगा.

छपराचे पैसे पुन्हा जमवतोय. पुढच्या मृगाच्या आत काम करायचं ठरलंय.