उमरीच्या माळावर

"उमरीला डोंगरी सायकलींची शर्यत? अहो सर, उमरीला डोंगर तरी आहे का?"

आमच्या महाविद्यालयातील भूगोलाच्या प्राध्यापकांनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी गप्प बसलो. भूगोलाच्या माणसाशी डोंगराविषयी वाद घालू नये. त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. नांदेडहून मुदखेडमार्गे धर्माबादकडे जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यातून पाहिले, तर उमरीच्या आसपास दिसते ती काळी, सपाट, कापसाची जमीन. स्टेशन, मोंढा, जिनिंगची पत्र्याची छपरे, आणि पुन्हा काळे रान. पण रेल्वे नेहमी सपाटीचीच वाट धरते. तिच्या खिडकीतून दिसते तेवढाच मुलूख, असे समजणारा माणूस फसतो. उमरीपासून उत्तरेला, भोकरच्या अंगाला चालू लागावे, म्हणजे जमीन हळूहळू वर चढते, काळी माती संपून तांबूस मुरूम लागतो, आणि बाभळी-बोरींचा, घळी-टेकाडांचा माळ सुरू होतो. त्याला डोंगर म्हणता येणार नाही, हे कबूल. पण त्यावर सायकल चढवून पाहा, म्हणजे छाती त्याला डोंगरच म्हणते.

हा माळ माझ्या ओळखीचा आहे. आमचे गाव उमरीपासून कोसभरावर. आणि आमचे कोरडवाहू शेत या माळाच्या पायथ्याशी. तिथे आता माझा धाकटा भाऊ असतो. मी नांदेडला मराठी शिकवतो.

सायकलीच्या नादी मी लागलो तो चाळिशी उलटल्यावर, आणि तोही डॉक्टरांच्या धाकाने. रक्तात साखर निघाली. "चाला, नाहीतर सायकल चालवा," असे डॉक्टर म्हणाले. चालण्याचा मला कंटाळा. तेव्हा सायकल घेतली, आणि रविवारी पहाटे गोदावरीच्या पुलावर जमणाऱ्या एका टोळक्यात सामील झालो. या टोळक्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणीही नाही. एक हाडांचे डॉक्टर, एक सराफ, एका बँकेतील रोखपाल, एक हवालदार, शाळेत खेळ शिकविणाऱ्या एक बाई, अभियांत्रिकीची चार मुले, आणि मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान चालविणारे एक सरदारजी. सरदारजींच्या कैक पिढ्या नांदेडात गेल्या. त्यांचे मराठी माझ्या पुष्कळ विद्यार्थ्यांपेक्षा सरस आहे, हे मी वर्गातही सांगतो. मला धरून आम्ही अकराजण. नियम एकच: मागे राहिलेल्याला एकटे सोडायचे नाही.

डोंगरी सायकल ही चीज साध्या सायकलीहून निराळी. जाड, दातेरी टायर. पुढच्या चाकाला धक्के पोटात घेणारा काटा. चढावर पायाला हलकी लागणारी गिअरची चाके. एवढी आयुधे असूनही तिचा जन्म मात्र जुन्या, टाकाऊ सायकलींतून झालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या सुमाराच्या जाडजूड टायरच्या सायकली भंगारातून उचलीत, आणि डोंगरावरच्या कच्च्या वाटेने खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. वाट सुमारे दोन मैलांची, आणि उतार तेराशे फुटांचा. त्या सायकलींना पायडल उलटे मारून लावायचा ब्रेक असे. उताराने तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले. पहिल्या शर्यतीत ॲलन बाँड्स नावाचा गडी जिंकला. कारण पडला नाही असा तो एकटाच! पुढे वीस वर्षांनी, १९९६ साली, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला मानाचे पान मिळाले.

हौशी लोकांनी सायकलीवर जिवाचे रान करावे, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांच्या आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आणि २०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एक भाऊ दमला की दुसऱ्याने सायकल हाणायची, अशी ती दोघांची पाळी. ती बातमी वाचली तेव्हा सगळ्यांना त्या बंधूंचा अभिमान वाटला. मलाही वाटला, पण त्याखाली दुसरेही काही टोचले. ते काय, ते पुढे सांगतो.

गेल्या जानेवारीत, हुरड्याचे दिवस पाहून, आमच्या टोळक्याने आपापसांत शर्यत लावायची ठरवली. जागा सुचवली मी. शनिवारी दुपारी आम्ही नांदेडहून निघालो. मुगट मागे पडले. मुदखेडच्या आसपास फुलांचे मळे लागले. पुढे कापसाची शेवटची वेचणी चाललेली. तुरीचे खळे, हरभऱ्याची हिरवी वावरे. थंडीत हा रस्ता गोड असतो. पावसाळ्यात मात्र आमच्या काळ्या रानात सायकल घालू नये. चिखल मडगार्डात भरतो, चाक फिरेनासे होते, आणि माणसाने सायकलीवर बसायच्या ऐवजी सायकल माणसाच्या खांद्यावर बसते.

उमरीत चहाला थांबलो, तेव्हा आमच्या रोखपालांनी आदराने चहूकडे पाहिले. "उमरीत आलो की बँकवाल्यानं जरा जपूनच राहावं," असे ते म्हणाले. त्यात गंमत होती तसा इतिहासही होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, ३० जानेवारी १९४८ रोजी, स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँक लुटली, आणि ती रक्कम लढ्याच्या कामी लावली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. लुटीतील पै-पैचा हिशेब सैनिकांनी दिला, हे आमच्याकडे म्हातारी माणसे अजून अभिमानाने सांगतात. आमचे आबाही सांगत. हिशेबाची गोष्ट निघाली की आबांचा आवाज चढे. ते जिनिंगमध्ये मुनीम होते. शेजारच्या गोरठ्याला दासगणू महाराजांची समाधी. तिथे हात जोडून दिवेलागणीला आम्ही शेतावर पोचलो. भावाने कडब्यावर सतरंज्या घालून ठेवल्या होत्या.

आता ते टोचणारे सांगतो.

१९९१ साली मी आठवीत गेलो, तेव्हा आबांनी एक काळी सायकल घेतली. दोन भावांत एक. गावापासून उमरीच्या शाळेपर्यंत आम्ही डबलसीट जात असू. जाताना मी पायडल मारायचे, येताना त्याने. त्याचे पाय पुरत नसत. दांडीखालून पाय घालून, अर्धे अर्धे पायडल मारीत, मला मागे बसवून तो कोसभर ओढायचा. मायने जुन्या वाकळेच्या तांबड्या तुकड्याचे सीटला आवरण शिवले होते. १९९४ साली मी अकरावीला नांदेडला गेलो, आणि सायकल रेल्वेत घालून माझ्याबरोबर आली. "त्याला तिथं लांब पडतं," एवढेच आबा म्हणाले. धाकटा त्या दिवसापासून शाळेत पायी जाऊ लागला. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले आणि शेत धरले.

आणि मी? पुढच्या वर्षी मी ती सायकल विकली. अडचण म्हणून नव्हे, फी भरायला नव्हे. महाविद्यालयाची सहल अजिंठा-वेरूळला निघाली होती, आणि सगळे जात होते म्हणून. घरी सांगितले, चोरीला गेली. आबांचे कार्ड आले: 'सायकल गेली तर जाऊ दे. अभ्यास करणे.' अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी मी आजवर अनेक वर्गांना शब्दांनी वर्णन करून सांगितला आहे. पण त्याचे मिटते डोळे आठवले की मला तांबडे सीट दिसते. आबा गेले, मायही गेली. सांगायचे राहून गेले. भावाशी बोलणे होई ते पाऊस-पाणी, कापसाचा भाव, एवढ्यापुरतेच.

सकाळी शर्यत सुरू झाली. माळाला वळसा घालून तीन फेऱ्या. भाऊ विहिरीजवळच्या वळणावर टॉवेल घेऊन पंच म्हणून उभा. पहिल्या फेरीत अभियांत्रिकीची मुले वाऱ्यासारखी गेली. खेळाच्या बाई त्यांच्या मागोमाग. मी सर्वांत शेवटी. पण मुरूम चाकाखाली करकरत होता, थंड हवा कानाला झोंबत होती, आणि सेहेचाळीस वर्षांचा मी त्या माळावर सोळाचा झालो होतो. दुसऱ्या फेरीला बाभळीने आपला इंगा दाखवला. एकेकाची हवा जाऊ लागली. डॉक्टर बसले, हवालदार बसले, दोन मुले बसली. विहिरीच्या वळणावर माझे मागचे चाकही बसले.

मागून एक फेरी पुढे असलेले सरदारजी आले. ते त्या वेळी तिसरे होते. थांबले, पाठीवरच्या पिशवीतून पंप आणि पंक्चरचे सामान काढून माझ्यापुढे ठेवले. "अहो, तुमचा नंबर जाईल!" मी म्हणालो. "नंबर काय सर, पुढच्या रविवारी परत काढता येईल," असे म्हणत ते निघून गेले.

मी टायर उचकटू लागलो. भावाने मला बाजूला केले. "तुम्ही बसा दादा, तुमच्यानं नाही व्हायचं." त्याने ट्यूब काढली, टायरच्या आतून बोटे फिरवून काटा शोधला, आणि ट्यूब घासता घासता, वर न पाहता, विचारले,

"त्या सायकलीला चोरानं काय भाव दिला होता, दादा?"

माझ्या तोंडचे पाणी पळाले. क्षणभर कळेना काय बोलावे. मग म्हणालो, "साडेतीनशे."

"कमी दिले," तो म्हणाला.

मग त्याने सांगितले. त्याच वर्षी तो कापसाच्या गाडीबरोबर नांदेडला आला होता. जुन्या मोंढ्यात एका माणसाजवळ त्याला ती सायकल दिसली. मायचे तांबडे सीट तसेच होते. त्याने त्या माणसाला धरले. तेव्हा त्याने खिशातून चिठ्ठी काढली. विकत दिल्याची. खाली माझी सही.

"आबाला का सांगितलं नाहीस?"

त्याने ठिगळ दाबून धरले. "सांगून काय झालं असतं? सायकल बी नसती आली, अन् तुम्ही बी. आबा तर गावभर सांगत होते, माझा थोरला नांदेडला शिकतोय म्हणून."

तीस वर्षे मी समजत होतो, हिशेब माझ्या एकट्याच्या वहीत आहे. तो त्याच्याजवळही होता, आणि त्याने तो कधी मागितला नाही. मी काही बोलायला गेलो. "हवा धरली," तो चाक दाबून म्हणाला. "जा आता. लोक वाट बघत असतील."

खरोखरच बघत होते. शर्यत जिंकली आमच्या रोखपालांनी. कारण काटा न लागलेले जे दोघे-तिघे उरले, त्यांतले दोघे इतरांची पंक्चरे काढीत बसले होते. पण मी शेवटचा येईपर्यंत आगटीवरचा हुरडा कोणी चोळला नव्हता. दही, गूळ, तिळाची चटणी सगळे झाकून ठेवलेले. मी रेघ ओलांडली तेव्हा पहिल्याच्या वरताण टाळ्या पडल्या.

जेवणे झाल्यावर मी सायकल भावापुढे उभी केली. "एक चक्कर मार." तो नको नको म्हणाला, मग धोतराचा काष्टा घट्ट केला आणि बसला. गिअर त्याला कळेनात. चढावर पाय नुसतेच गरगर फिरू लागले, तशी मुले हसली आणि बरोबर धावत त्याला खटके दाखवू लागली. टेकाडापाशी त्याला लय सापडली. मग तो मागे न बघता वर चढत गेला.

मी बांधावर बसून राहिलो. पाळी त्याची होती.