मागे राहिलेलं चामडं

आमच्या बारामतीच्या घरात पणजोबांचं रिव्हॉल्व्हर नाही, त्याचं होल्स्टर आहे. पणजोबा मुंबई इलाख्यात फौजदार होते आणि त्यांची बरीचशी नोकरी बारामती-इंदापूरकडेच गेली. हत्यार सरकारचं, ते निवृत्तीबरोबर परत गेलं. हे तपकिरी चामडं तेवढं कसं मागे राहिलं कोण जाणे. मोठी आत्या त्यात अडकित्ता ठेवायची, त्यामुळे त्याला सुपारीचा वास येतो. दारूगोळ्याचा नाही.

माझ्याकडे हत्याराचा नंबर नाही. ज्याचा माग काढायचा तेच नाही, म्हणून चामडंच वाचायला बसलो. सिलिंडरची गोलाई बाहेरून उमटलेली दिसते. नळीच्या टोकावरच्या माशीने आतून बारीक चर पाडला आहे. तिथवर नळी मोजली तर ती पाच इंचांची भरते. त्यामुळे पहिल्या महायुद्धातलं वेब्ली मार्क सहा बाद झालं. .४५५ बोअरचं ते धूड सहा इंची नळीचं आणि वजनाला किलोच्या वर. त्याआधीच्या वेब्लींची नळी बहुधा चार इंची. उरलं ते .३८ बोअर: बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं मार्क चार, नाहीतर १९३२ साली ब्रिटिश लष्कराने घेतलेलं एनफिल्ड. दोन्ही इतकी सारखी की नक्कल केली म्हणून वेब्लीने आपल्याच सरकारकडे भरपाई मागितली, आणि थोडीफार मिळवलीही. चामड्यावरून त्यातलं कुठलं ते मी काय सांगणार!

दोन्हींची चाल मात्र एकच. अंगठ्याने खिटी दाबली की नळी पुढे झुकते आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. मुठीच्या बुडाला कडी, कडीत दोरी. झटापटीत हत्यार हातून सुटलं तरी हरवू नये म्हणून.

मला जास्त बोलकी वाटते ती झीज. कमरपट्टा ओवायची पट्टी इतकी घासली आहे की कुणीतरी ती मागाहून जाड दोऱ्याने टाचली आहे. झाकणाच्या बटणाचं भोक मात्र अजून घट्ट आहे, बटण निघताना आजही कुरकुरतं. वागवलं खूप, उपसलं क्वचित.

आणि या मुलखात उपसायची वेळ कुणावर येत होती? सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तिथे १२ मे १८७५ रोजी भरबाजारात कुणब्यांनी सावकारांना गाठलं ते रोखे, खतं, वह्या मागायला. हाती लागलेल्या कागदांची होळी केली. जिवावर मात्र फारसं कुणाच्या उठले नाहीत. हे लोण इंदापूरच्या गावांतही पोचलं आणि सरकारला लष्कर बोलवावं लागलं. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पण त्याच्या वर्षभर आधी व्हाइसरॉय लिटनसाहेबाचा शस्त्र कायदा आला होता. युरोपियनांना त्यातून सूट, हिंदी माणसाला परवाना. हा क्रम मला त्या राज्याबद्दल पुष्कळ सांगून जातो. त्याच राज्याने पुढे एका हिंदी फौजदाराच्या कमरेला रिव्हॉल्व्हर दिलं, ते दोरीने बांधून आणि गोळी न् गोळी मोजून.

त्या रिव्हॉल्व्हरच्या घराण्याचा वंश अजून चालू आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर वेब्लीच्या मार्क चारवरूनच घडलेलं. २०१४ साली बायकांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेलं 'निर्भीक'ही त्याच कुळातलं. निवडणूक लागली की बऱ्याच परवानेवाल्यांना आपली हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, आणि बारामतीत निवडणुका काही कमी गाजत नाहीत. जमा केलं की पावती मिळते.

पणजोबांनाही हत्यार परत करताना तसलाच काहीतरी कागद मिळाला असणार. त्यावरच्या नंबरावरून कारखाना कळला असता, कदाचित सालही. मी ट्रंका उपसल्या, आत्याच्या पोथ्यांची बांधणी सोडली. सापडले ते पणजीने तेलकट फडक्यात गुंडाळलेले पेन्शनचे कागद, एकूण एक, तारीखवार लावलेले.